उंबऱ्याच्या आतला कारखाना

घरून काम करणाऱ्याला सल्ले देणाऱ्यांची आपल्याकडे वानवा नाही. पहाटे उठा, प्राणायाम करा, आंघोळ उरकून बाहेर जायचे कपडे घाला, घरातला एक कोपरा कामासाठी राखून ठेवा, दर तासाला उठून चार पावले चाला, रात्री लॅपटॉप मिटला की पुन्हा उघडू नका. सल्ले चांगले आहेत. पण त्या सगळ्यांच्या मुळाशी एक गृहीत दडलेले आहे. घरून काम करताना मान धरली, झोप उडाली, घरात खटके उडू लागले, तर तो त्या माणसाच्या शिस्तीचा दोष, असे ते गृहीत. मला ते मान्य नाही. ज्या घरात पगारी काम चालते ते घर तेवढ्या वेळापुरते कामाचे ठिकाण असते आणि कामाच्या ठिकाणाची जबाबदारी काम करवून घेणाऱ्यावर असते. कारखान्यासाठी हे तत्त्व आपल्या आधीच्या पिढ्यांनी झगडून मान्य करून घेतले. घराच्या बाबतीत मात्र आपण ते मुकाट्याने सोडून दिले आहे.

24 मार्च 2020 च्या रात्री एकवीस दिवसांची टाळेबंदी जाहीर झाली आणि हिंजवडी, खराडी, ऐरोलीतली आयटी कार्यालये जेवणाच्या टेबलांवर, पलंगांवर, गॅलरीतल्या खुर्च्यांवर येऊन बसली. तेव्हापासून घरून काम म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे लॅपटॉप आणि हेडफोन येतो. पण महाराष्ट्रात घरून काम करणाऱ्यांचा इतिहास त्याच्या कितीतरी आधी सुरू होतो. त्यात सोलापूरच्या बिडी कामगार बायका आहेत, मुंबईच्या पापड लाटणाऱ्या बायका आहेत, धारावीत आणि मालेगावात घरातच शिलाई मशीन किंवा माग चालवणारी कुटुंबे आहेत. या लोकांनी जे भोगले आणि जे मिळवले ते समजून घेतल्याशिवाय आज संगणकावर घरून काम करणाऱ्याचा प्रश्न नीट कळणार नाही.

सोलापुरातल्या बिडी कामगार बाईचा दिवस बघा. बिडी कंपनीच्या केंद्रातून ती तेंदूची पाने, तंबाखू आणि सूत घेऊन घरी येते. पाने भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची, म्हणजे ती मऊ पडतात. मग पत्र्याचा साचा पानावर ठेवून कात्रीने तेवढाच तुकडा कापायचा. मांडी घालून बसायचे, सूप मांडीवर घ्यायचे, पानात चिमूटभर तंबाखू पसरायची, पान वळायचे, टोक दुमडायचे, दोरा गुंडाळायचा. मजुरी मोजली जाते ती हजार बिड्यांवर. पाठ वाकलेली, मान खाली, नाकाशी तंबाखूची भुकटी. त्याच खोलीत स्वयंपाक, त्याच खोलीत पाळणा, त्याच खोलीत अभ्यासाला बसलेले पोर. दुसऱ्या दिवशी माल घेऊन केंद्रावर गेले की तपासणारा माणूस बिड्या चाळतो आणि त्याला न पटलेल्या बाजूला काढतो. तिची मेहनत त्या छाटीत जाते. पाने कापायला गेलेला वेळ, जागेचे भाडे, दिव्याचे बिल, खोकला, आईच्या हाताखाली धागा बांधणाऱ्या मुलीचे बालपण, यातले काहीही मालकाच्या हिशेबाच्या वहीत नसते. ते सगळे घराने सोसायचे असते.

या बायका घरी बसून काम करतात, आमची त्यांच्यावर देखरेख नसते, म्हणून त्या आमच्या कामगारच नव्हेत, असे बिडी मालकांचे म्हणणे होते. संसदेने 1966 साली बिडी आणि सिगार कामगारांसाठी कायदा केला आणि घरी बिडी वळणाऱ्यालाही कामगार म्हटले. 1974 साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला. 1985 साली भविष्य निर्वाह निधीचा प्रश्न याच न्यायालयापुढे आला, तेव्हा पी. एम. पटेल अँड सन्स प्रकरणात न्यायालयाने देखरेखीच्या युक्तिवादालाच हात घातला. तयार बिडी नापसंत करून नाकारण्याचा अधिकार मालकाकडे आहे, तीच त्याची देखरेख आहे, तेव्हा घरी काम करणाऱ्यालाही भविष्य निर्वाह निधी मिळाला पाहिजे, असा निर्णय झाला. भिंतीची जागा बदलली म्हणून मालक-कामगार हे नाते बदलत नाही, हे त्या निकालाचे सार. चाळीस वर्षांपूर्वी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हे सांगून ठेवले आहे.

याच सोलापुरात कामगार संघटनांनी या प्रश्नाची आणखी एक बाजू ओळखली. घर हाच कारखाना असेल तर ते घर राहण्याजोगे आणि काम करण्याजोगे असले पाहिजे. कुंभारीच्या माळावर कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांच्या नावाने बिडी कामगार स्त्रियांसाठी दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली आणि पुढे तिथल्याच रे नगरमध्ये असंघटित कामगारांसाठी बांधलेल्या 15,000 घरांचा ताबा जानेवारी 2024 मध्ये देण्यात आला. घर ही कामगाराची खासगी बाब आहे, असे म्हणून तिथल्या चळवळीने हात झटकले नाहीत.

दुसरे उदाहरण मुंबईतले. 1959 साली गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि त्यातून श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड ही संस्था उभी राहिली. इथेही काम घरीच चालते. पीठ मात्र शाखेत मळले जाते, बहिणी ते घरी नेतात आणि लाटून वाळवलेले पापड दुसऱ्या दिवशी आणून देतात. लाटायला जागा स्वच्छ आहे का, पापड वाळवायला पुरेशी आहे का, हे संस्था बघते. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे लाटणारी बाई संस्थेची सहमालक आहे. त्यामुळे घरातल्या कामाचे नियम ठरवताना तिचे म्हणणे त्यात असते. काम घरीच, हातही बाईचेच, पण एका ठिकाणी ती निव्वळ मजूर आणि दुसऱ्या ठिकाणी निर्णयात भागीदार. घरातले काम सुखाचे होते की जाचाचे, हे या फरकावर ठरते.

आता हिंजवडीकडे वळू. पगाराचा आकडा वेगळा आहे, शिक्षण वेगळे आहे, खुर्चीही वेगळी आहे. पण व्यवहाराची घडण ओळखीची आहे. जागा कामगाराची, वीज कामगाराची, इंटरनेटचे बिल पुष्कळदा कामगाराचे, पाठदुखीचा खर्चही त्याचाच. देखरेख मात्र पूर्वीपेक्षा कडक. संगणकावर दर काही मिनिटांनी पडद्याचे चित्र टिपणारी, माऊस किती हलला ते मोजणारी, कॅमेरा सुरू ठेवायला लावणारी सॉफ्टवेअर आज बाजारात सर्रास मिळतात. ज्या कॅमेऱ्यात कर्मचारी दिसतो त्याच कॅमेऱ्यात त्याची म्हातारी आई, अंथरुणावरची चादर, देवघर आणि उघडेवाघडे खेळणारे मूलही दिसते. वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा 2023 साली झाला, पण नोकरीच्या कारणासाठी माहिती वापरताना कर्मचाऱ्याची संमती घ्यावी लागू नये अशी वाट त्यातच ठेवलेली आहे. कार्यालयातल्या कॅमेऱ्याचे ठीक आहे. स्वयंपाकघराचे दार दाखवणाऱ्या कॅमेऱ्याला तोच नियम लावणे अन्यायाचे आहे.

वेळेचा प्रश्न याहून गंभीर आहे. 1884 साली कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईतल्या गिरणी कामगारांच्या सभा भरवून साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. आठवड्यातून एक दिवस सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सूर्यास्ताला काम बंद, पगार वेळेवर, आणि काम करताना जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण वेतन, अशा त्यातल्या मागण्या होत्या. सहा वर्षे झगडा चालला. एप्रिल 1890 मध्ये महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली, तिथे दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. आज आपण ज्या रविवारी उशिरा उठतो तो रविवार असा मिळालेला आहे. या मागण्या पुन्हा वाचल्या तर लक्षात येते की त्यांतली एकही मागणी कामगाराच्या स्वयंशिस्तीबद्दल नव्हती. उगवतीपासून मावळतीपर्यंत राबणाऱ्याला कोणी लवकर झोपण्याचा सल्ला दिला नाही. काम किती वाजता थांबेल हे सर्वांसाठी एकदम ठरावे, एवढेच मागितले गेले, कारण एकट्याने ते ठरवता येत नाही.

घरून काम करणाऱ्याची अडचण नेमकी हीच आहे. कॅलिफोर्नियात सकाळचे दहा वाजतात तेव्हा पुण्यात रात्रीचे साडेदहा झालेले असतात, हिवाळ्यात साडेअकरा. तिकडच्या माणसाची दिवसातली पहिली बैठक ही इकडच्या माणसाची दिवसातली शेवटची. मधल्या काळात इकडच्या दिवसभराच्या बैठका झालेल्याच असतात. कार्यालय असते तेव्हा शेवटची बस सुटते, दिवे मालवले जातात, रखवालदार दाराशी येऊन उभा राहतो. घरात यातले काहीच होत नाही. रात्री अकराला आलेल्या निरोपाला उत्तर न देणारा माणूस चमूत एकटा पडतो, आणि तो एकटा पडू नये म्हणून सगळेच उत्तर देत राहतात. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी 2021 साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार, आठवड्याला 55 किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना 35 ते 40 तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका 35 टक्के जास्त असतो आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा 17 टक्के. एकट्या 2016 सालात लांबलेल्या तासांशी जोडलेले मृत्यू सुमारे 7 लाख 45 हजार होते. सप्टेंबर 2025 मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतले आणि दुकानांतले रोजचे कमाल तास वाढवायला मंजुरी दिली, तेव्हा निदान त्यावर वाद तरी झाला. घरात वाढलेल्या तासांना कोणाची मंजुरी लागली नाही, आणि त्यांच्यावर वादही झाला नाही.

शरीराच्या सुरक्षिततेकडे या नजरेने पाहिले म्हणजे जबाबदारीचे चित्र स्पष्ट होते. लॅपटॉप मुळात सोबत बाळगण्यासाठी बनवलेले यंत्र आहे. त्याचा पडदा आणि कळफलक एकमेकांना जोडलेले असल्यामुळे पडदा डोळ्यांसमोर आणला तर हात उचलावे लागतात आणि हात सोयीचे ठेवले तर मान झुकते. आठ-दहा तास असे बसणे मानेच्या मणक्यांना परवडणारे नाही. उपाय माहीत आहे: पडदा नजरेच्या पातळीवर, वेगळा कळफलक, कमरेला आधार देणारी खुर्ची, पाय जमिनीला टेकलेले. पण हा उपाय पैसे मागतो आणि जागा मागतो. एका खोलीत राहणाऱ्या, तीन मित्रांसोबत भाड्याच्या सदनिकेत राहणाऱ्या, लग्नानंतर सासरच्या हॉलमध्ये काम करणाऱ्या मुलीला कोपरा राखून ठेवा म्हणून सांगणे ही थट्टा आहे. विजेचेही तसेच. एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लॅपटॉप, मॉनिटर, राउटर, पंखा आणि पावसाळ्यात कपडे वाळवायला लावलेला हीटर, हे दृश्य घरोघरी दिसते. गादीवर ठेवलेल्या लॅपटॉपच्या हवेच्या फटी बंद होतात आणि तो तापतो. जुन्या इमारतीत अर्थिंग नीट आहे की नाही, हे भाडेकरू विचारायला जात नाही. कारखान्यात या गोष्टी पाहायला निरीक्षक असतो, निदान कागदावर तरी असतो. घराला तोही नाही.

आणि अपघात झालाच तर? आपल्याकडे कर्मचारी राज्य विमा कायद्यात 2010 साली दुरुस्ती झाली आणि घरातून कामावर जाता-येता झालेला अपघातही ठरावीक अटींवर कामावरचा अपघात मानला जाऊ लागला. प्रवासाला जे संरक्षण आहे, ते घरातल्या घरात कामाला जाणाऱ्याला का नसावे? जर्मनीत हा प्रश्न थेट सर्वोच्च सामाजिक न्यायालयापर्यंत गेला. एक माणूस सकाळी उठून झोपायच्या खोलीतून खालच्या मजल्यावरच्या कामाच्या खोलीत निघाला, गोल जिन्यावरून घसरला आणि त्याच्या पाठीचा मणका मोडला. डिसेंबर 2021 मध्ये न्यायालयाने निर्णय दिला की तो जिना उतरणे म्हणजे कामावर जाणेच होते, म्हणून हा कामावरचा अपघात आहे. निकाल एका जिन्यापुरता आहे, पण त्यातला विचार दूरवर जातो. माणूस कोणासाठी चालत होता, हे पाहायचे. तो कोणाच्या छपराखाली चालत होता, हे गौण.

स्त्रियांच्या वाट्याला आलेल्या घरून कामाची चर्चा तर वेगळीच करावी लागते. केंद्र सरकारच्या 2024 च्या कालवापर सर्वेक्षणात असे दिसले की घरातली बिनपगारी कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांवर दिवसाला सरासरी 289 मिनिटे घालवतात आणि अशी कामे करणारे पुरुष 88 मिनिटे. बाई कार्यालयात जात होती तेव्हा निदान ते आठ-नऊ तास ती घराला उपलब्ध नव्हती. घरी बसून काम करू लागल्यावर ती चोवीस तास हाताशी आहे, असे सगळ्यांनी धरून टाकले. बैठक सुरू असते आणि सासूबाई खुणेने दूध उतू चालल्याचे सांगतात. मूल गुडघ्याला बिलगते. कुरियरवाला बेल वाजवतो आणि नवरा आपल्या खोलीचे दार लोटून घेतो, कारण त्याची बैठक महत्त्वाची. संध्याकाळी ती दमून बसली की कोणीतरी म्हणतेच, घरीच तर होतीस दिवसभर. या वाक्यात जेवढा अन्याय साठला आहे तेवढा एखाद्या जाचक नोकरीच्या करारातही नसेल. संतुलन राखण्याची जबाबदारी तिच्यावर टाकणारे लोक ती ज्या तराजूत उभी आहे त्याचे दुसरे पारडे तिच्याच हातात देतात.

शिवाय घर सगळ्यांसाठी सुरक्षित असतेच असे नाही. टाळेबंदीत घरगुती हिंसेच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा राष्ट्रीय महिला आयोगाला एप्रिल 2020 मध्ये व्हॉट्सॲपवर मदतीसाठी वेगळा क्रमांक सुरू करावा लागला. जिला मार खावा लागतो तिच्यासाठी कार्यालय ही दिवसातली आठ तासांची सुटका असते. तिला सक्तीने घरी बसवणारी कंपनी नकळत तिला धोक्यात ढकलते. दुसरीकडे, पडद्यापलीकडून होणारा छळही खरा आहे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात कामाच्या ठिकाणाच्या व्याख्येत राहते घरही धरलेले आहे. रात्री उशिरा वरिष्ठाने केलेला नको तो व्हिडिओ कॉल, बैठकीत कपड्यांवर मारलेला शेरा, हे सारे अंतर्गत समितीच्या कक्षेत येते. दहा किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेत ही समिती असलीच पाहिजे. बऱ्याच मुलींना आपण घरी बसून या समितीकडे तक्रार करू शकतो हे ठाऊकच नसते. ते सांगणे कंपनीचे काम आहे.

यावर काही आक्षेप येतील, आणि ते गांभीर्याने घ्यायला हवेत. पहिला आक्षेप असा की घरून काम हे वरदान आहे, त्यावर नियमांचे ओझे टाकू नका. वरदान आहे, यात शंका नाही. मुंबईच्या उपनगरी रेल्वेमार्गावर एरवी दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसे मरतात. त्या गर्दीतून जावे न लागणे हीच केवढी सुरक्षितता आहे. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला, तान्ह्या बाळाच्या आईला, आजारी वडिलांची काळजी घेणाऱ्या मुलाला, गुहागर किंवा गडहिंग्लज न सोडता काम करू इच्छिणाऱ्या तरुणाला या सोयीने दार उघडून दिले. अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चीनमधल्या एका प्रवास कंपनीत केलेल्या प्रयोगात घरून काम करणाऱ्यांची कामगिरी 13 टक्क्यांनी सुधारली होती. पण त्याच प्रयोगानंतर निवडीची मोकळीक दिल्यावर त्यातल्या जवळपास निम्म्यांनी कार्यालयात परतणे पसंत केले, आणि त्याचे मोठे कारण एकटेपणा हे होते. पुढे त्याच कंपनीत आठवड्यातले दोन दिवस घरून काम देऊन पाहिले तेव्हा नोकरी सोडणाऱ्यांचे प्रमाण एक तृतीयांशाने घटले आणि कामात कुठेही उणे आले नाही. म्हणजे हे वरदान निवडीच्या मोकळिकीत आणि ठरलेल्या चौकटीत फळते. चौकट घातली म्हणून ते मरत नाही.

दुसरा आक्षेप कंपन्यांचा. नियम आले तर काम दुसऱ्या देशात जाईल. फ्रान्सने 1 जानेवारी 2017 पासून, कामाच्या वेळेनंतर फोन आणि ईमेलपासून मुक्त राहण्याच्या कर्मचाऱ्याच्या हक्काला कायद्यात जागा दिली. पोर्तुगालने 2021 साली कर्मचाऱ्याच्या विश्रांतीच्या वेळेत त्याला त्रास देण्यास मालकाला मनाई केली. ऑस्ट्रेलियाने ऑगस्ट 2024 पासून वेळेबाहेरच्या निरोपांना उत्तर न देण्याचा हक्क दिला. या देशांतले उद्योग बुडाले नाहीत. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी 2018 साली आणि पुन्हा डिसेंबर 2025 मध्ये याच आशयाचे खासगी विधेयक लोकसभेत मांडले. 1970 नंतर एकाही खासगी विधेयकाचा कायदा झालेला नाही, म्हणून सरकारने आपणहून हे पाऊल उचलल्याखेरीज त्यातून काही निष्पन्न व्हायचे नाही.

तिसरा आक्षेप मला जास्त विचारात पाडतो. घराला कामाचे ठिकाण म्हटले तर उद्या निरीक्षक आणि साहेब घरात शिरतील, मग घरपण कुठे राहिले? भीती रास्त आहे. पण साहेब घरात शिरलेलाच आहे, कॅमेऱ्यातून आणि फोनमधून. नियम नसल्यामुळे त्याला अडवता येत नाही, एवढेच. जबाबदारी मालकाची आणि दारावरचा हक्क राहणाऱ्याचा, अशी विभागणी करता येते. घरची तपासणी कर्मचाऱ्याच्या परवानगीनेच व्हावी, कॅमेरा सक्तीचा नसावा, पडद्याची चित्रे टिपायची असतील तर ते लेखी सांगितलेले असावे. घराचे घरपण राखण्यासाठीच नियम हवेत.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1996 साली घरून काम करणाऱ्यांसाठी 177 क्रमांकाचा करार संमत केला. घरी काम करणाऱ्याला इतर पगारी कामगारांसारखीच वागणूक मिळावी आणि त्यात आरोग्य व सुरक्षितताही यावी, हे त्याचे मुख्य सूत्र. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि 1966 चा बिडी कामगारांचा कायदा त्यांतल्या सुरक्षा व आरोग्यविषयक संहितेत विलीन झाला. बिडी वळणाऱ्या बाईला तिथे जागा आहे. लॅपटॉपवर काम करणाऱ्यालाही त्याच न्यायाने जागा द्यायला हवी. घरून कामाचा लेखी करार असावा. त्यात उपलब्ध राहण्याचे तास असावेत. खुर्ची, कळफलक, वीज आणि इंटरनेट यांचा खर्च कोण करणार ते स्पष्ट असावे. कामाच्या वेळेत घरात झालेल्या दुखापतीची भरपाई असावी. कार्यालयात परतायचे असेल त्याला परतता यावे. यातली एकही गोष्ट मोठ्या कंपन्यांना न परवडणारी नाही, कारण घरून कामामुळे त्यांचे जागेचे भाडे, बस आणि उपाहारगृहाचा खर्च वाचलेला आहे. त्या बचतीतला वाटा ज्याच्या घरात काम चालते त्याला मिळायला हवा.

कायदा होईपर्यंत हात बांधून बसायचे असेही नाही. प्रत्येक चमूच्या प्रमुखाला आजच ठरवता येते की रात्री आठनंतर निरोप पाठवायचा नाही, आणि पाठवलाच तर सकाळी पोचेल असा वेळ लावायचा. परदेशाशी बोलावेच लागत असेल तर उशिरा थांबण्याची पाळी फिरती ठेवता येते आणि दुसऱ्या दिवशी उशिरा सुरुवात करता येते. घरातल्यांना ठरवता येते की दार लोटलेले असेल तर आत काम चालू आहे, मग आत मुलगी असो, सून असो की मुलगा. स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, औषधपाणी यांची वाटणी तोंडी न ठेवता फ्रीजवर कागद लावून करता येते. सोसायट्यांनी आपल्या रिकाम्या सभागृहात दिवसा टेबल, खुर्च्या आणि इंटरनेटची सोय केली तर एका खोलीत राहणाऱ्यांना आधार मिळेल आणि एकटेपणाही कमी होईल. मन खचत चालले आहे असे वाटले तर 14416 या टेलिमानस क्रमांकावर बोलावे, त्यात कमीपणा काहीच नाही.

वैयक्तिक शिस्तीला माझा विरोध नाही. ती हवीच. पण शिस्त तेव्हाच टिकते जेव्हा तिच्याभोवती न्यायाची भिंत असते. म्हणून घरून काम करणाऱ्या प्रत्येकाला माझे सांगणे आहे: पुढच्या वेळी कोणी तुम्हाला तोल सांभाळायला सांगेल तेव्हा त्याला विचारा की माझ्या कामाचे तास कोणी ठरवले, माझ्या खुर्चीचे पैसे कोणी दिले आणि मी पडलो तर जबाबदार कोण. हे प्रश्न एकट्याने विचारले तर उद्धटपणा ठरतो, म्हणून ते दहा जणांनी मिळून विचारा, लेखी विचारा आणि उत्तर लेखीच मागा. बिडी वळणाऱ्या बायकांच्या प्रश्नाला देशाच्या सर्वोच्च न्यायालयातून उत्तर मिळाले होते.